दत्तूचं लोढणं

दत्तू गेला त्या आठवड्यात मी माहेरी, कुरवंड्यालाच होते. त्याला विषमज्वर झाला होता. आतडं नाजूक झालंय, अंथरुणावरून अजिबात हलू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकून मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. माझा हा धाकटा भाऊ उभ्या जन्मात घटकाभर एका जागी बसला नव्हता, आणि पडून राहिलास तरच जगशील असं त्याला सांगत होते... "अक्का, मी पडतोय गं," तो म्हणाला, "पन पाय पडू देईनात." आम्ही आळीपाळीने उशाशी बसत होतो. एका पहाटे त्याची बायको सरू चूल पेटवायला उठली, तेवढ्यात तो अंगणात जाऊन आला. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

दहाव्याला आलेल्यांचं म्हणणं एकच, डॉक्टरचं ऐकलं असतं तर वाचला असता. मरणसुद्धा त्याच्याच माथी मारून मंडळी चहा पिऊन गेली. आमचे जुने मास्तरही आले होते. पोरगं हुशार होतं, असं ते हळहळून म्हणाले. याच मास्तरांनी त्याला शाळेच्या खांबाला बांधून ठेवलं होतं. हुशारी तेव्हा दिसली होती की मेल्यावर, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती.

लहानपणी दत्तूला पाणी आणायला धाडलं की घागर विहिरीवर राहायची आणि तो घारीचं घरटं बघायला डोंगरात असायचा. पाटीवर अर्धी ओळ लिहायचा आणि उठायचा. जेवायलासुद्धा बसायचा नाही, एक घास उंबऱ्यात नि दुसरा अंगणात. आईने दृष्ट काढली, अंगारा लावला, देवऋषी झाला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आबा, म्हणजे आमचे वडील, त्याला लोणावळ्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी कान पाहिले, डोळे पाहिले आणि मग औषध न देता नुसते विचारत बसले. घरीही असाच असतो की फक्त शाळेत? रांगत होता तेव्हापासून असा, की मागाहून झाला? कशात रमतो का? बैलांपाशी रमतो, आबा म्हणाले. तोवर दत्तू खिडकीत चढून रेल्वेच्या सिग्नलचा हात पडायची वाट बघत होता. डॉक्टर बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हा रोग नाही. आणि पोर लबाडही नाही. त्याला थांबताच येत नाही, मारून काय होणार? काम थोडंथोडं द्या, मध्ये धावू द्या. पाढे चालता चालता म्हणू दे."

 घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, "डाक्टर म्हनला, रोग न्हाई. मंग ह्यो निव्वळ माज हाय." पुढचं सगळं मी सांगितलं, पण पोरीचं कोण ऐकतं? तोवर निदान शंका तरी होती. पोराला काही झालं असेल, बाहेरचं असेल, म्हणून मारताना हात जरा आखडायचा. आता डॉक्टरानेच आबांना मोकळीक दिली. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात ते बाभळीचं लोढणं त्यांनी गोठ्यातून आणलं आणि दत्तूच्या कमरेला बांधलं. पळाला की ते नडग्यांवर आपटायचं. तरी तो पळायचा. आजारपणात त्याचे पाय चेपताना ते जुने वण माझ्या हाताला लागत होते.

मोठा झाल्यावर तो लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालू लागला. दिवसभर चालायचं काम, त्यात तो सुखी होता. कधी चरवी रस्त्यातच विसरायचा, मग बोलणी खायचा आणि स्वतःच हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा. आपण वाईट आहोत हे त्याने मनोमन कबूल करून टाकलं होतं, असं मला अजून वाटतं.

दहाव्याच्या संध्याकाळी त्याची लेक चिंगी अंगणात गरागरा फिरत होती. हाक मारली तरी थांबेना. आबा आता थकले आहेत, पण आवाज तोच. सरूला म्हणाले, "पोरीची जात हाय, आत्ताच वळन लाव. गोठ्यात लोढनं हाय बघ."

सरू भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई ते, आबा. ह्यांच्या सरनाच्या लाकडात घातलं मी."

 मी गोठ्यात जाऊन पाहिलं. खुंटीला नुसती दोरी होती. मी ती काढायला गेले, तर मागून आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे, कामाला येती.

चिंगीला मी घेऊन जाते म्हणाले, तेव्हा सरूनेच तिचे कपडे बांधून दिले. चिंगी आता माझ्याकडे, लोणावळ्यात आहे. एक घास उंबऱ्यात घेते, दुसरा अंगणात... मी ताट घेऊन तिच्यामागे फिरते. तिला बस म्हणत नाही.