चार खुंट्यांची जागा

डेपोतली राखीव पट्टी मी भरली होती, लालसू जमादारानं नव्हे. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दीड महिन्यापूर्वी आलापल्लीकडून आलेला ट्रकवाला सहज बोलून गेला, "तुमचा लंगडा जमादार गेला जी…" आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

बल्लारपूरला एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोत मी कारकून होतो, लालसूभाऊ माल रचून घेणारा जमादार. एका लॉटचे सागाचे लठ्ठे एकाच जागी, सलग लावायचे, तरच लिलाव व्हायचा. विकलेली थप्पी उचलली की तिथे भोक पडे, त्यात दुसऱ्याचा लहानसा माल शिरे. म्हणून लांब लठ्ठ्यांच्या लॉटसाठी कुंपणालगत एक लांब पट्टी लालसूभाऊ रिकामीच राखी. रोज सकाळी चार खुंट्या ठोकून पळसाच्या वाकाची दोरी बांधी. मी चिडवायचो, "काऊन जमादार, सासरा येऊन राह्यला का?"

"येईल ना बाबू. लय लांब हाय तो, आखडून नाई झोपत."

एका वर्षी पावसाळा तोंडावर होता, जंगलातले रस्ते बंद होणार म्हणून जो तो माल आणून ओतत होता. गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत. लालसूभाऊ एका दिवसासाठी गावी गेलेला. माल आणणाऱ्यांचे मुनीम माझ्या टेबलाभोवती. "दहाच लठ्ठे हायेत बाबू, टाका ना कुठीतरी!" मी एकाला हो म्हटलं, मग दुसऱ्याला नाही म्हणता येईना. दुपारी खुंट्या मीच उपटल्या. माझ्या वहीत डेपोभर भरपूर जागा शिल्लक दिसत होती…

दुसऱ्या दिवशी लांब लठ्ठ्यांचे आठ ट्रक आले. लालसूभाऊ नुकताच परतला होता. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जागा हाय बाबू. पण एका ठिकाणी नाई. दोन दिवस द्या, लहान थप्प्या एकेक करून सरकवतो."

"दोन दिवस कायचे?" मी ओरडलो. "मालक बोंबलून राह्यला. आत्ताच कर!"

घाईत थप्पीखालची पाचर निघाली, लठ्ठे घरंगळले. त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला.

चौकशी माझ्याच टेबलावर झाली. मालकाच्या मॅनेजरनं विचारलं, पट्टी कोणी भरू दिली? मी लिहिलं, 'जागा राखणे जमादाराचे काम होते. त्याने ती भरू दिली.' कुबडीवर रेलून तो अंगठा द्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बराबर लिवलं ना बाबू?"

मी हो म्हटलं. त्याला घरी पाठवलं, आणि गाफील जमादार हेच त्याचं नाव पडलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या गावी गेलो. अंगण भातानं, सरपणानं, मोहाच्या टोपल्यांनी गच्च भरलेलं. फक्त भिंतीलगत एक लांब पट्टी सारवून रिकामी. चार खुंट्या, दोरी. मी पाहतोय हे त्याच्या बायकोच्या, मैनाबाईच्या ध्यानात आलं. "तिथी कोणाले काईच ठेवू देत नव्हते जी. मी भांडत होती, एवढी जागा कायले पाह्यजे म्हणून. मसणात नेताना त्याईले तिथीच ठेवलं. दुसरीकडं कुठी मावलेच नसते."

मी चहा प्यायलो, परत आलो.

मैनाबाईला वाचता येत नाही. हे लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. त्या अंगणात उभं राहून, गावासमोर, तिला हे तोंडानं सांगणं मी अजून देणं लागतो.