तिसरा चौकोन

गेटवरचा वॉचमन रोज रजिस्टर पुढे करायचा आणि भोईरबाई रोज त्याला झापायच्या, "अरं, हितं आमचं भाताचं शेत व्हतं. माझ्याच शेतात शिराया सही कसली मागतोस?" एवढं बोलून झालं की मुकाट्याने सही करायच्या, झोकदार इंग्रजीत. अंजूर गावची शेतं जाऊन गोदामं झाली, बाई शाळेतून निवृत्त झाल्या, तरी त्या त्याच वाटेने यायच्या. शिफ्ट सुटली की गोदामाच्या कँटीनमध्ये आम्हा पॅकिंगच्या बायकांना इंग्रजी शिकवायच्या.

इंग्रजीची बाई म्हणजे नाक वर करून बोलणारी, असा माझा समज होता. बाईंनी तो पहिल्याच दिवशी मोडला. फळ्यावर 'पिक अप' लिहिलं आणि म्हणाल्या, "टेम्पोला पिकअप म्हंता ना दिवसभर? याची आणखी सहा कामं हायेत. वहीत सहा चौकोन काढा. पण अर्थ आत्ता लिवायचा न्हाय. आधी काम करून यायचं, मंग लिवायचं."

आम्ही हसलो, पण लागलो कामाला. जमिनीवरचं खोकं उचललं, एक चौकोन भरला. बाईंना रिक्षाने स्टॉपवरून घेऊन आले, दुसरा भरला. कामतघरहून येणारी शबाना आमची बोली नुसती ऐकून ऐकून शिकली होती. असं शिकणं हेही 'पिक अप'च, म्हणून तिला बाईंनी चौथा बसल्या जागी दिला. मंदावलेलं काम सणाच्या आधी पुन्हा वाढलं तेव्हा सगळ्यांचाच पाचवा भरला. सहाव्यासाठी मी वर्षभर पडून राहिलेली गोधडी पुन्हा शिवायला घेतली.

तिसरा तेवढा कोराच राहिला. तिसरा म्हणजे फोन उचलणं. डिस्पॅचच्या टेबलावरची जागा रिकामी झाली होती आणि मला ती मनापासून हवी होती. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. पण तिथल्या फोनवर हेड ऑफिसची माणसं इंग्रजीत बोलायची. तो वाजला की मला नेमकी तहान लागायची.

बाईंनी माझी वही पाहिली. रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत आल्या, सुपरवायझरला विचारून मला त्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. फोन वाजला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी पदराचा बोळा तोंडावर गच्च धरलेला. उत्तर सुचवायचा मोह व्हायला नको म्हणून! मी फोन उचलला, "प्लीज स्पीक स्लोली" म्हटलं, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घेतली. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "आता लिव." अक्षर वेडंवाकडं आलं, पण ते पान मी अजून जपून ठेवलंय.

ती जागा मला मिळाली. पुढे बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या नाशिकला लेकीकडे गेल्या. जाताना खडूची डबी माझ्या हातात दिली. मला रडू आवरेना, तर म्हणाल्या, "रडतेस काय? सोमवारी वर्ग हाय तुझा."

आता वर्ग मी घेते. शबानाचा तिसरा चौकोन अजून कोरा आहे. परवा दुपारी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि फोन वाजला.

"दीदी, तुम्हीच घ्या ना!"

'दे इकडे' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ओढणीचा बोळा केला आणि तोंडावर गच्च धरला. शबानाने दोनदा माझ्याकडे पाहिलं, आणि फोन उचलला.