भाटव्यांच्या नाकपुड्या

आमच्या भाटव्यांइतका स्वतःच्या तोंडाच्या प्रेमात पडलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि तोंड तरी कसलं, गालफडं बसलेलं, खुंट वाढलेलं! भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार दिग्रस. ताई जाऊन दीड वर्ष झालं, आणि तेव्हापासून हा गृहस्थ दर रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवून स्वतःचं चित्र काढतो. कागद म्हणजे बियाण्याच्या खोक्यांचा पुठ्ठा, आणि रंग पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले. त्यामुळे कपाळ निळं, कान शेंदरी. मी म्हटलं, "भाऊजी, निदान मिशा तरी काळ्या काढा." तर म्हणतात, "पोळ्याले काया रंग कोन घेते गड्या?" तोवर चहाचा काढा होतो. तोच पितात आणि वर मला, तापलेल्या माणसाला, सांगतात, "मन कसं थंड होऊन जाते!"

तापू नको तर काय करू? घरभर साठ-सत्तर पुठ्ठे आणि सगळ्यांवर हेच! जिनं चाळीस वर्षं या माणसाला ऊन भाकर वाढली, तिला पुठ्ठ्याचा एक कोपरा नसावा? बरं, स्वतःचं तरी धड काढावं! प्रत्येक चित्रात हनुवटी पुढं, नाकपुड्या विहिरीएवढ्या आणि डोळे खाली झुकलेले. कारण आरसा हे ठेवतात चुलीजवळच्या पाटावर, तिरका, आणि स्वतः उभ्यानं त्यात डोकावतात.

परवा मला राहवलं नाही. आरसा उचलला आणि खिळ्याला टांगला.

"ठेव तो खाली!" कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. "पाटावर ठेव!"

"कायले?" मीही भडकलो. "माही बहीण गेली, अन् तुम्ही आपल्या नाकपुड्या रंगवून राह्यले!"

भाटव्यांनी कुंचला पाटाकडं रोखला. मग हळूच म्हणाले, "तुही बहीण त्या पाटावर बसून भाकर थापे. मी इथं उभा राहून गोठी सांगो. तिले मी असाच दिसो ना, खालून. तिनं जे पाह्यलं, थेच काढून राह्यलो गड्या."

मी आरसा काढला, बाहीनं पुसला आणि पाटावर होता तसा ठेवला. ठेवताना तिथंच बसलो आणि वर पाहिलं. नाकपुड्या खरंच तेवढ्याच होत्या. चाळीस वर्षं हे बघत बसलीस, ताई, आणि मला एकदाही सांगितलं नाहीस, की हा माणूस खालून इतका चांगला दिसतो.