नाव नको, माणूस ठेव

सोपान सरांना राग आला की ते फळा तळहातानं पुसायचे. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, हिराच्या मेंढीचा प्रोग्राम लिही. मी मेंढीचं ऑब्जेक्ट, म्हणजे तिची सगळी माहिती एकत्र ठेवणारा कप्पा, केलं आणि मालकाच्या जागी ‘हिरा’ अशी अक्षरं टाकली. सरांचा तळहात फिरला. "नाव लिहू नको राव, माणूस ठेव. नावाला फोन लागतो का?"

मग त्यांनी हिराचं वेगळं ऑब्जेक्ट केलं. त्यात तिचा फोन, तिचा आजचा मुक्काम. ते अख्खं ऑब्जेक्ट मेंढीच्या आत मालक म्हणून बसवलं. मेंढीवरून मालक सापडायचा, मालकावरून मुक्काम. हिराबाई म्हणजे सरांची धाकटी बहीण. घरच्यांनी मेंढरं सोडून शेती धरली, त्या मात्र नवऱ्याबरोबर अजून कळप घेऊन फिरायच्या. "आमच्या घरात खरी मोबाईल हिराच," सर सांगायचे. "आमी सगळे लँडलाइन."

बिबट्याची खबर मेंढपाळांच्या फोनवर पोचवणारं ॲप करायचं काम सरांकडे आलं. त्यांनी कळपाच्या आत मालक आणि रोज बदलणारा मुक्काम ठेवला. काम देणाऱ्या कंपनीला ते नको होतं. तिला गाव हवं होतं आणि गावाच्या आत कळप. प्रत्येकाला एक कायमचं गाव असतंच, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. सर भांडले. मी तर म्हणालो, काम सोडा. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या माणसांना न विचारता एका गावात कोंबायचा अधिकार कुणालाच नाही, प्रोग्रामलाही नाही. पण ऊसतोड सुरू झाली होती, बिबटे उघड्यावर येत होते. "काहीच नसण्यापरीस हे बरं," असं म्हणून सरांनी कळप गावात घातले. हिराबाईंची नोंद पिंपरी पेंढारला झाली.

त्या हिवाळ्यात हिराबाईंनी लोणी गावच्या एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. लोणीत बिबट्या दिसला, खबर ॲपवर गेली, लोणीत नोंदलेल्या सगळ्यांचे फोन वाजले. हिराबाईंचा वाजला नाही. पहाटे बिबट्यानं त्यांच्या घोडीचं शिंगरू नेलं आणि आडव्या आलेल्या नवऱ्याचा हात फाडला.

दवाखान्यात मी सरांबरोबर होतो. बहीण रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. "दादा, मेसेज गावाला गेला आसंल," त्या म्हणाल्या. "आमी गावात न्हवतो."

सरांनी पुन्हा मुक्काम ठेवून प्रोग्राम लिहिला. काम संपलंय, आता बदल नको, असं कंपनीनं कळवलं. तेव्हापासून सर रोज संध्याकाळी स्वतःच एकेका मेंढपाळाला फोन लावून आज कुठं उतरलात ते विचारू लागले. बिबट्याची खबर लागली की त्या बाजूच्या कळपांना कळवायचे. संध्याकाळची बॅच मोडली. हे एकट्या माणसाचं काम नाही, यंत्रणेचं आहे, असं मी तावातावानं सांगायचो. "खरंय," ते म्हणायचे. "तू पत्रक काढ. तवर मी फोन लावतो."

सर अचानक गेले, छातीत कळ येऊन. दहाव्याला हिराबाई आल्या. बरोबर आलेल्या नवऱ्याचा हात अजून नीट वळत नव्हता. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो हातात नुसताच धरून ठेवला.

"आता सांजंला आमी कुठं हाय ते कुणाला सांगायचं?"