लांब मुदतीच्या भोये बाई

आठवीच्या पहिल्याच तासाला भोये बाईंनी हजेरी घेतली, खडू हातात धरला, पण फळ्यावर काही लिहिलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "चाळीस वर्षांची होशील, तेव्हा तू कुठे असशील?" ती लाजून हसली, मग सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाला उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मला जे खरं वाटत होतं तेच मी सांगितलं. "भट्टीवर." दिवाळी झाली की आमचा अर्धा पाडा वीटभट्टीवर जायचा. आजी गेली होती, आई जात होती, तर मीही जाणार. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. बाईंचा चेहरा मात्र मी त्यांना शिवी दिल्यासारखा झाला. "हे उत्तर मी घेणार नाही," त्या म्हणाल्या आणि मला तशीच उभी ठेवून पुढे गेल्या.

खोडाळ्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत त्या गणित शिकवायच्या. मूळच्या पोशेऱ्याच्या. त्यांच्या पाड्यातून शिक्षिका झालेल्या त्या पहिल्याच. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगत. सुती साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा वेश. आवाज इतका मोठा की शेजारच्या वर्गातली मुलंही त्यांचे पाढे ऐकून पाठ करत.

दर शनिवारी दुपारी त्या आमचा जादा तास घ्यायच्या. वेळापत्रकात तो कुठेच नव्हता. पैसा साठवायचा कसा आणि वाढवायचा कसा, हे त्या तासाला शिकायचं. खोडाळा ते जव्हार एसटीचं तिकीट आमच्या आज्याच्या वेळी किती होतं ते घरून विचारून या, असं त्यांनी सांगितलं. आम्ही विचारून आलो. मग त्या म्हणाल्या, "आज्याने ते पैसे डब्यात ठेवले असते, तर आज डब्यात तेवढेच निघाले असते. पण तेवढ्यात बस त्याला खोडाळ्याच्या बाहेरसुद्धा नेणार नाही." चक्रवाढ व्याज फळ्यावर चढत गेलं तसं आम्ही पहिल्यांदाच गणिताकडे डोळे मोठे करून पाहिलं. शेअर म्हणजे काय, तो वर का जातो, खाली का येतो, हेही त्यांनी सांगितलं. सगळा पैसा एका जागी का ठेवू नये, हे सांगायला त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली खाचरात भात, वर उतारावर नागली. "तुमच्या बापाला हे कळतं. पाऊस एकाला मारेल, दुसरं राहील. पैशाचंही तसंच करायचं."

मुख्याध्यापकांना हा तास पसंत नव्हता. एकदा ते दारात येऊन आमच्यासमोरच म्हणाले की, या मुलांच्या घरी संध्याकाळची चूल पेटेल की नाही याचा भरवसा नाही आणि तुम्ही त्यांना वीस वर्षांनंतरचं काय शिकवता. बाईंनी खडू खाली ठेवला. "संध्याकाळचं बघा, हे त्यांना जन्मापासून सगळे सांगतात, सर. पुढचं बघा, असं कोणीच सांगत नाही. म्हणून पुढचं आपलं नाहीच, असं वाटतं त्यांना. मी तेवढंच खोडून काढते." सर निघून गेले. तास चालू राहिला. आईला बरोबर घेऊन मी जव्हारच्या पोस्टात खातं काढलं ते त्याच वर्षी. पुढे माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाची सुरुवात त्याच पैशांवर झाली.

मी दहावीत होते तेव्हा पैसे गुंतवायची एक योजना आमच्या भागात आली. होळीला लोक भट्टीवरून गावी येतात, हातात हंगामाची कमाई असते. नेमका तोच मुहूर्त धरून एक तरुण एजंट आला. इकडचाच होता, मुंबईला राहून आलेला, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. दोन वर्षांत दुप्पट, असं त्याचं सांगणं. मुख्याध्यापकांनी स्वतः पैसे गुंतवले होते. सभेला त्यांनी शाळेचं सभागृहही दिलं. बाईंनी विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. मग त्या सभेला गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

मी मागे आईजवळ बसले होते. एजंटचं बोलणं संपलं तशा बाई उठल्या. हा पैसा कुठल्या धंद्यात जातो, कंपनीला परवानगी कोणाची आहे, असं त्यांनी विचारलं आणि कागद मागितले. तो आधी हसला, मग लोकांकडे वळून म्हणाला, "आपली माणसं पुढे गेलेली काही लोकांना बघवत नाहीत."

शाळेत बाई नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी त्या आमच्या घरच्या बोलीत बोलल्या. "मी बी ह्याच डोंगरातली हाय. तुझ्या आईला मी वळखतां. म्हणून इचारतां, कागद दाखव."

कागद निघाला नाही, पण बाई हरल्या. लोक एकेक करून उठले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पैसे भरू लागले. त्यांत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता, लखमा. तो पोशेऱ्याची शेती बघायचा. बाईंनी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुला पगार हाय. आमाला काय हाय?" बाई बाजूला सरल्या आणि त्याला पुढे जाऊ दिलं.

पुढे बाजारात लोक त्यांना टाळू लागले. शनिवारच्या तासाला पोरं कमी झाली. जूनमध्ये त्यांची लांबच्या शाळेत बदली झाली. सभेमुळेच झाली असं कोणी म्हणालं नाही. बाई तिकडे गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात तिथे शनिवारचा तास सुरू केला. त्यांना भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, "बाई, एवढं झाल्यावर परत?" त्या म्हणाल्या, "त्या पोराने दोन वर्षांचं खोटं विकलं. मी वीस वर्षांचं खरं सांगते. त्याचं पटकन खपणार, माझं सावकाश. म्हणून दुकान बंद करू काय?"

दोन वर्षं पुरी व्हायच्या आत एजंटचा फोन लागेनासा झाला. बाईंचं बोलणं खरं ठरलं म्हणून पाड्यावरच्या काहींना त्यांचा आणखीच राग आला. त्या मात्र रजा काढून आल्या. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. घरोघर फिरून त्यांनी बायकांना गोळा केलं. पुरुष शरमेने मागे राहिले होते. बाई म्हणाल्या, "लाज त्याने बाळगायची, ज्याने नेले. तुम्ही कष्ट केलेत." पोलिसांत तक्रार द्यायला बाई सगळ्याजणींना घेऊन गेल्या आणि प्रत्येकीची हकीकत सांगून होईपर्यंत तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. लखमा आला नाही. बहिणीसमोर उभं राहायला त्याला जमेना, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. पैसे थोड्यांना थोडे मिळाले. बरेचसे बुडाले.

बाई आजारी पडल्या तेव्हा मी जव्हारला नर्स होते. नाशिकला तपासण्या झाल्या, त्या वेळी मी बरोबर होते. डॉक्टर हळूच सांगायला लागले तर बाईंनी त्यांना मोठ्याने सांगायला लावलं. फार दिवस उरले नव्हते. परतताना त्या एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. जव्हार आलं तशा म्हणाल्या, "पोस्टात जायचंय."

मला वाटलं, पैसे काढायचे असतील. त्यांनी पाच वर्षांची नवी आरडी मागितली, दरमहा हप्ता भरायची. खिडकीमागच्या माणसाने त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि संकोचाने म्हणाला की, मुदत पाच वर्षांची असते, मध्येच मोडायला बरं पडत नाही.

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी हेच शिकवते."

वारस म्हणून त्यांनी लखमाचं नाव दिलं. बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलं, हे कशासाठी. त्या पायरीवर टेकल्या, दम घेतला. "माझे दिवस डॉक्टर मोजतील," त्या म्हणाल्या. "पण मी कुठवरचा विचार करायचा, ते मीच ठरवणार."

दुसरा हप्ता त्यांनी माझ्या हाती पाठवला. तिसऱ्याच्या आधी त्या गेल्या.

काही दिवसांनी मी लखमाला घेऊन पोस्टात गेले. तो धुतलेला सदरा घालून आला होता. खिडकीतल्या माणसाने त्याला समजावलं की, खातं बंद करून भरलेले पैसे नेता येतील, नाहीतर वारस म्हणून पुढे भरत राहता येईल. काय करायचं ते सांगा.

लखमाने एका हाताने खिडकीचा गज धरला. मग त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि आत सरकवल्या.

"भरतां," तो म्हणाला. "ताईची मुदत पुरी करायची हाय."