सातव्या ग्रीनचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला जमान चाचा ठाऊक आहेत — दर सुट्टीहून परतताना आमच्यासाठी स्वातचे अक्रोड आणणारे पठाण. का आणायचे, ते तिला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो. जमेल तसं सांगतो.

नव्वदीच्या दशकात मी दुबईच्या एका गोल्फ क्लबवर हिरवळ सांभाळायला होतो. गावाकडे थट्टा व्हायची — शेतकी शिकला आणि परदेशात जाऊन गवत राखतोय. हाताखाली पाणी सोडणारी माणसं होती, त्यांतले सगळ्यात जुने जमान चाचा.

दुबईत कसला आलाय हिवाळा, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वर्षी बोचरे वारे सुटले आणि गवत पिवळं पडून वाढायचंच थांबलं. त्यात आमचं पाणी खारट, सांडपाणी शुद्ध करून दिलेलं. दर पंधरा दिवसांनी ग्रीनवर — भोकाभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर — तासन्‌तास पाणी सोडायचं, म्हणजे मीठ मुळांखाली उतरतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं, चाचांना हातातून. नकाशा न बघता ते कुठलाही व्हॉल्व्ह दाखवायचे. आम्ही मुद्दाम विचारायचो, ते कधी चुकले नाहीत.

शुक्रवारी सामने असत. ग्रीन ओली राहिली की मेंबर कुरकुरायचे. म्हणून एका गुरुवारी मी चाचांना सांगितलं — सात, आठ, नऊ नंबरच्या ग्रीनचं पाणी बंद ठेवा. पुढच्या पाळीलाही तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा त्यांनी शंका काढली, तर मी ‘खलास, मैं देख लूँगा’ म्हणून उडवून लावली.

मार्चमध्ये ऊन तापलं, बाकीच्या ग्रीन जाग्या झाल्या. या तीन नाहीत. वर मिठाचा पांढरा थर, खाली मेलेली मुळं. आमच्या स्कॉटिश साहेबानं मातीत सुरी खुपसली आणि मला विचारलं, पाणी कुणी बंद ठेवलं?

काय अवघड होतं? ‘मी’ म्हणायचं. पण बायको-मुलीचा व्हिसा नुकता झाला होता, ऊद मेथा भागातल्या शाळेत मुलीला प्रवेश — नाही, हे राहू द्या. घाबरलो, एवढंच खरं. म्हणालो, मी सोडायला सांगितलं होतं, चाचा विसरले असतील.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, नोकरीत होतं असं. पण दुपारी चाचा माझ्याकडे आले. भांडायला नव्हे. गोंधळले होते.

‘साब, आपने ही बोला था ना, बंद रखो?’

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ‘नहीं चाचा, चालू करने को बोला था. उमर हो गयी है, भूल गये होंगे.’

चाचांनी हळूच मान डोलावली. त्यांनी विश्वास ठेवला — मी शिकलेला, मी साहेब, मी कशाला खोटं बोलेन?

वर मीच रदबदली करून त्यांची नोकरी वाचवली. अक्रोड त्या उपकाराचे. आम्ही ते खाल्ले, दर वर्षी खाल्ले.

एप्रिलभर त्या ग्रीनना भोकं पाडली, वाळू भरली, मीठ धुतलं, नर्सरीतल्या गवताचे ठोंब लावले. चाचा सुट्टीच्या दिवशीही गुडघ्यांवर बसून ठोंब लावायचे. माझी चूक ते भरत होते आणि मी शेजारी उभा राहून ‘यल्ला चाचा’, चला, उरका, म्हणत होतो. मेअखेर गवतानं जीव धरला. साहेबानं माझी पाठ थोपटली.

चाचा मात्र सावरले नाहीत. व्हॉल्व्ह बंद करून गेले की परत बघायला यायचे. वार सांगतानाही माझ्याकडे बघायचे — बरोबर आहे ना, म्हणून.

काही वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. निरोप घ्यायला आले. गावच्या कालव्याच्या पाळ्या बघायचं काम, एकेकाळी वडिलांकडे असलेलं, गावानं त्यांना देऊ केलं होतं. त्यांनी नकार कळवला होता.

‘हमको अब याद नहीं रहता, साब. किसी का खेत सूखा रह जाएगा.’

तोवर तो साहेब कधीच गेला होता. माझी नोकरी पक्की होती. भीती कशाचीच उरली नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, ‘अच्छा किया, चाचा.’