ॲपमध्ये पासवर्ड न्हाई

आमच्या ऑफिसातली ती प्रोग्रॅमर चांदा नावाच्या खेड्यातली. ॲप चालवून बघताना खुर्ची मागे सारायची आणि स्क्रीनला दटावायची, "बोल की आता!" बायकांच्या एका दवाखान्याचं ॲप दूरच्या सर्व्हरवरल्या डेटाबेसला जोडायचं काम तिच्याकडे होतं. उद्यावर मुदत आली, तरी मधला सुरक्षित दुवा काही जुळेना.

साहेब म्हणाले, "डेटाबेसचा पासवर्ड सरळ ॲपमध्येच टाक."

"न्हाई. कुणीबी त्यो ॲपमधनं काढील. समद्या बायांची दुखणी चव्हाट्यावर येतील."

तिने स्वतःच त्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना स्पीकरवर फोन लावला, कारण सांगितलं आणि सोमवारपर्यंत वेळ मागितला.

"माझीही फाईल त्यातच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घ्या वेळ."

सोमवारी ॲप नीट जोडलं गेलं. त्यानंतर मी माझ्या आईला त्याच दवाखान्यात नेऊ लागलो.